सासूबाईंची बेलबॉटम

ॲरिझोनाच्या वाळवंटात एका लाल खडकावर ऐटीत बसताना टर्रकन आवाज झाला आणि इरावती ताडकन उठली. जुन्या काळचे कपडे घालून या प्रवासात फोटो काढायची हौस तिची, पण अंगातली बेलबॉटम सासूबाईंची, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली. इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. नव्या सुनेला मात्र त्यांनी ती दिली होती, "सांभाळून हो" एवढंच म्हणून.

सासूबाई गाडीच्या सावलीत भडंग खात बसल्या होत्या. इरावती मांडीवर हात दाबून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आई, फाटली हो. चुकलं माझं."

"बघू, वळ." कपाळावरचा चष्मा नाकावर आला. त्यांनी शिवणीतून बोट फिरवलं. इरावती मुसमुसू लागली.

"अगं, फाटलीय कुठे? उसवलीय नुसती. दोरा कुजला, कापड धडधाकट आहे." त्यांनी बांगडीतल्या सेफ्टी पिना काढल्या. "आणि रडतेस काय वेडे? मला वाटलं, विंचू चावला की काय!"

इरावतीला रडता रडता हसू फुटलं.

पिना टाचताना सासूबाईंचा हात मध्येच थांबला. "शिंप्यानं आत बरंच कापड सोडलंय गं. उसवलीच आहे, तर हॉटेलवर गेल्यावर दोन्हीकडून सैल करून दे."

त्यांनी स्वतःच्या कमरेचा अंदाज घेतला.

"उद्या खडकावर मी बसणार. फोटो तू काढ."