अण्णांच्या आठवणींची वाटणी

कोर्टात वारसा दाखल्याच्या खिडकीवर कारकुनाने अण्णांच्या मेंदूचा उतारा शर्मिष्ठाच्या हातात ठेवला. मृत्युपत्रं बंद झाल्यापासून कायदा सोपा होता: मयताने ज्याची जितकी आठवण काढली, तितका त्याचा घरात वाटा.

कॅनडातल्या पुष्करची आठवण एकोणपन्नास हजार वेळा. सोसायटीच्या बंद लिफ्टची चार हजार वेळा. शर्मिष्ठाची एकशे बारा.

"अकरा वर्षं मी त्यांना आंघोळ घातली," ती म्हणाली. "दादा फक्त दिवाळीला फोन करायचा."

"म्हणूनच ना, ताई," कारकून समजुतीने म्हणाला. "तुम्ही कायम समोर. समोरच्या माणसाची आठवण कोण काढतं? या एकशे बारासुद्धा तुम्ही भाजी आणायला गेलात तेव्हाच्या दिसतायत."

पुष्करचा हेवा करायची तिला लहानपणापासून सवय होती. लिफ्टचा हेवा नवीन होता आणि तो जास्त झोंबत होता.

बाकावर बसलेल्या आईला तिने हात धरून उठवलं.

"आई, उद्यापासून मी साताऱ्याला राहणार."

"अगं, मग माझ्या गोळ्या कोण देईल?"

"शेजारच्या काकू देतील. पण दर गोळीला आठवण माझीच काढायची."