फवारलेलं सफरचंद

एक सफरचंद कमी होतं.

बकारामने झाडाभोवती फिरून पुन्हा पाहिलं. सकाळी पाच होती, आता चारच. खालच्या फांदीचा देठ नुकताच तुटलेला, ओला होता.

उन्हात टिकणारी ही दोन कलमं त्याच्या मुलाने, प्रफुलने, चार वर्षांपूर्वी परसात लावली होती. दवनीवाड्यात सफरचंद होणार नाही म्हणून सगळे हसले होते. गेल्या दिवाळीनंतर आठवड्याभरात देवरीच्या रस्त्यावर ट्रकने प्रफुलला उडवलं. तेव्हापासून झाडांचं सगळं बकारामच बघत होता. बुंध्याशी धानाचं तणस पसरायचं, दोन वेळा पाणी द्यायचं, मे लागताच वर हिरवी जाळी बांधायची. यंदा पहिल्यांदा फळ धरलं, आणि पाठोपाठ माव्याची कीड आली. म्हणून आज सकाळी त्याने औषध फवारलं होतं.

हातपंपाजवळ प्रफुलची मुलगी आचल बसली होती. सहा वर्षांची. तिच्या हातात बियांकडचा तुकडा तेवढा उरला होता.

"आबाजी, गोड हाय," ती म्हणाली.

बकाराम धावला. त्याने तिच्या तोंडात बोट घातलं, तिला ओकायला लावायचा प्रयत्न केला. ती घाबरून रडू लागली. आवाज ऐकून त्याची बायको, सुलोचनाबाई, बाहेर आल्या.

"फवारलेलं खाल्लं इनं," बकाराम म्हणाला. "अख्खं खाल्लं."

सुलोचनाबाईंनी नातीला जवळ ओढलं. तिचे डोळे पाहिले, तोंडाचा वास घेतला.

"काही होत नाही तिले," त्या म्हणाल्या. "आयका जरा माझं."

"काय आयकू? जहर हाय ते. छोटेलालले बोलाव."

शेजारच्या छोटेलालने ऑटो काढला. बकारामने औषधाची बाटली पिशवीत घातली. आचलची आई नीतू गोंदियाला कापडाच्या दुकानात कामाला जायची. तिला आता काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. नवरा गेला, आणि आता पोरगी सासऱ्याच्या हातून.

गोंदियाचा रस्ता संपत नव्हता. दर थोड्या वेळाने बकाराम विचारायचा, "पोट दुखून राहिलं का? चक्कर येते का?" आचल मान हलवून नाही म्हणायची. मग ती आजीच्या मांडीवर झोपली, तसा तो जास्तच घाबरला. त्याने तिला हलवून जागं केलं.

"निजू द्या तिले," सुलोचनाबाई म्हणाल्या. छोटेलालच्या पाठीकडे पाहून त्या पुढचं बोलायच्या थांबल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आचलला लगेच आत घेतलं. नर्सने पोट धुवायची नळी काढली.

"बाटली आणली का? दाखवा," डॉक्टर म्हणाले.

बकारामने दिली.

"कधी घेतली ही?"

"पुसाच्या महिन्यात, थंडीत. दवनीवाड्याहून इथं येऊन घेतली होती, गोंदियात."

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. पुन्हा घेतला. तेवढ्यात सुलोचनाबाई पुढे झाल्या. "साहेब, दोन शब्द बोलायचे हायेत," असं म्हणून त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या.

बकारामला नुसती कुजबुज ऐकू आली. डॉक्टर बाहेर आले ते नर्सला म्हणाले, "नळी ठेवून दे."

बकाराम पुढे झाला. "काऊन थांबले, साहेब? उशीर झाला का?"

"पोरगी ठीक आहे, बाबा. दोन तास इथंच ठेवू, मग घरी न्या." डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "तुम्ही बसा. तुमचा बीपी बघू दे."

"माझा कायले? तिचा बघा."

डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. रात्री झोप लागते का, जेवण जातं का, घरात कुणाशी बोलता का, असं बरंच विचारलं. बकाराम नुसतं हं-हं करत राहिला. त्याची नजर आचलवर होती. ती खाटेवर बसून बिस्किट खात होती.

डॉक्टर गेल्यावर तो बायकोकडे वळला.

"काय सांगितलं तू त्याईले?"

"बाटलीत जहर नव्हतं. निंबोळीचं तेल अन् साबणाचं पाणी होतं. मीच भरलं. बाटली सात वेळा धुतली होती, तरी डाक्टरनं पाहिलेलं बरं म्हणून आली इथवर."

"कवा भरलं?"

"तुम्ही आणली त्याच दिवशी."

बकारामच्या अंगातला ताण एकदम सुटला आणि त्या जागी राग आला. "अन् मी तेच फवारून राहिलो? अर्धा जीव गेला माझा आज. झाडंही गेली असती माव्यानं. कायले केलं असं?"

सुलोचनाबाईंनी आचलच्या फ्रॉकवरचा बिस्किटाचा भुगा झटकला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुसात त्या झाडांवर एक पान नव्हतं. कोणत्या किडीसाठी आणली होती तुम्ही ते बाटली?"