उरलेला रंग

भंगारातल्या मोडक्या दारांवर रुचिरा कोळ्यांचे नाच रंगवायची. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर पंक रॉक गाणाऱ्यांसारखे खिळ्यांचे तुरे ठोकायची, कानात सेफ्टी पिना अडकवायची. जुहूच्या प्रदर्शनासाठी तिला आता एकच दार हवं होतं, खारदांड्याच्या सरूबाईचं. होडी रंगवून उरलेला रंग सरूबाई दर नारळी पौर्णिमेला त्या दाराला फासायची. यंदाच्या निळ्याखालून तीस वर्षांचे लाल, हिरवे, पिवळे पोपडे डोकावत होते.

"दार तुला दिलं तर आमी काय उघड्यावर झोपायचं?" सरूबाई हसली. "घर मोडेल ना, त्या दिवशी खुशाल घेऊन जा."

दोन महिन्यांनी सरूबाईच्या घरावर बुलडोझर आला. अख्ख्या गल्लीत तिच्या एकटीच्याच घरावर. रुचिरा टेम्पो घेऊन पोचली, तेव्हा भांड्यांच्या ढिगाशेजारी बसलेली सरूबाई उठून तिच्या गळ्यात पडली.

"कोणीतरी तक्रार केली गो. हात झडतील मेल्याचे." मग पदराने डोळे पुसून तिने स्वतःच दाराची एक बाजू उचलली. "सांभाळून धर, पोरी. खिळे हायेत. तुझे हात चित्राचे."

रुचिराने सांभाळून धरलं. घराचा नंबर काही तिला ठाऊक नव्हता, म्हणून तक्रारीत तिने 'निळ्या दाराचं घर' एवढंच लिहिलं होतं.