भाताची रजई

एकाहत्तरच्या लढाईत विनीताच्या अण्णांना कारखान्यात डबल ड्यूटी लागली. कोळशाची टंचाई होती. भात पुन्हा गरम करावा लागू नये म्हणून आई वाफाळतं पातेलं आपल्या रजईत गुंडाळून ठेवी आणि स्वतः जबलपूरच्या थंडीत नुसती शाल पांघरून वाट पाहत बसे. अण्णा बूट काढता काढताच म्हणत, "वाढ लवकर, पोटात कावळे ओरडून राहिले!"

यंदा अण्णा गेले. तेराव्याला त्यांचे जुने सोबती तिवारीजी विनीताला सांगू लागले, "बेटी, डबल ड्यूटी में तो हम सब भरपेट खाकर ही घर निकलते थे."

विनीताने आईकडे पाहिलं. आई म्हणाली,

"ते जेवल्याशिवाय मी रजई अंगावर घेत नव्हते ना, बाई."