जुन्या जागी

आनंदाच्या दहाव्याला केरबा आला, तेव्हा आनंदाच्या आईनं, हौसामावशीनं, केरबाला सगळ्यांदेखत जवळ बसवून घेतलं. "हात भरून येईस्तोवर छाती दाबलीस रं माझ्या लेकाची. तू व्हतास, म्हनून त्यो एकटा न्हाई गेला."

केरबानं मान खाली घातली. तो आणि आनंदा दोघंही पठारावरच्या उंच पवनचक्क्यांवर चढणारे. चढताना रक्त पायांत उतरून भोवळ येऊ नये, म्हणून झाडावर चढणाऱ्या सापांसारखंच त्यांचं काळीज घरी न सांगता केलेल्या शस्त्रक्रियेनं डोक्याजवळ, गळ्याच्या बुडाशी आणून बसवलं होतं. पण आनंदाला शॉक बसला, तेव्हा घाबरलेल्या केरबाचे हात सवयीनं जुन्याच जागी गेले. वीस मिनिटं तो रिकामी छाती दाबत राहिला.

"मावशी, मी..."

मावशीनं त्याला कवटाळलं. तिचा गाल त्याच्या गळ्याला टेकला आणि ती एकदम थांबली. बराच वेळ ती ते ठोके ऐकत राहिली. मग हळूच मागे सरली.

"केरबा, तुजं काळीज हितं हाय व्हय?" तिनं विचारलं. "मग माझ्या आनंदाचं कुटं व्हतं?"