बंदीची फाईल

तांदळाच्या निर्यातबंदीच्या फाईलवर मंत्र्यांची सही तेवढी व्हायची होती, आणि सकाळपासून धाकट्या भावाचा हा तिसरा फोन. ती व्यापार खात्यात अधिकारी, फाईल तिनेच तयार केलेली. भाऊ तांदूळ परदेशी पाठवायचा. त्याचा सगळा माल बंदरावरच्या गोदामात येऊन पडला होता.

"ताई, एवढंच सांग, बंदी येतेय का? जहाज उद्या लागतंय."

"ऑफिसातलं मला विचारत जाऊ नकोस रे," ती कशीबशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग तिचं कशात लक्ष लागेना. चहा गार झाला, एकच पत्र तिने तीनदा वाचलं. आईच्या मागे लेकरासारखा वाढवलेला भाऊ, आणि आपल्याच तोंडाला कुलूप!

चार वाजता मंत्र्यांनी प्रस्ताव फेटाळला. बंदी नाही! बातमी जाहीर होताच ती धावत व्हरांड्यात गेली आणि तिने भावाला फोन लावला.

 

तिला बोलूही न देता तो म्हणाला, "ताई, तुझ्या आवाजावरूनच मी काय ते ओळखलं. दुपारीच सगळा माल मिळेल त्या भावात विकून मोकळा झालो. आज तुझ्यामुळे वाचलो गं!"