चौथी बाटली

यंदा ट्रायथलॉनला उतरायची पाळी माझी होती. मागच्या खेपेला नवरा सायकलच्या चौथ्या फेरीत गळपटला, म्हणून हट्टाला पेटला, “एकदाच पुरी करू दे गं, मग तू.” मी नाव मागे घेतलं. पहाटे उठून मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर फेरीचा आकडा लिहिला आणि वळणावर उभी राहिले. तीन त्याने घेतल्या. चौथी घ्यायला आलाच नाही. शेवटचा सायकलवालाही गेला, तेव्हा नको नको ते मनात यायला लागलं. धावतपळत अंतिम रेषेपाशी पोचले, तर याच्या गळ्यात पदक आणि सासूबाईंना सांगणं चाललेलं, “पोहलो, चारही फेऱ्या मारल्या, वर धावलो. सगळं हिच्या पाण्यावर.” माझ्याकडे वळून म्हणाला, “घसा सुकलाय. आहे का थोडं?” मी भरलेली चौथी बाटली पुढे केली. बूच फिरवता फिरवता त्याचा हात थांबला.